फळीचं तुझं टोक

वयनी, सुहासने पेपरात तुझा फोटो दिला होता. त्याखाली तुझं नाव, पेडण्याचं माहेर, डिचोली तालुक्यातलं सासर, मागे कोण कोण उरलं त्यांची नावं, सगळं व्यवस्थित छापलं होतं. फोटोही बरा होता, म्हणजे तू त्यात रागावलेली नव्हतीस. पण तू कोण होतीस ते त्यात कुठेच नव्हतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीचा उल्लेख पेपरात कसा येणार? म्हणून मी लिहायला बसले आहे. मी तुझी धाकटी जाऊ, दोडामार्गाकडून या घरात आलेली आणि जन्मभर तुझ्याशी एकाच गोष्टीवरून भांडलेली. हे मी घरी बसून लिहीत नाही. गावातल्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात बसले आहे, मास्तरांकडून मागून घेतलेले कागद मांडीवर घेऊन. इथे कशी आले ते शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर तू म्हणशील, मी काय सांगत होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा खाण जोरात होती. घरामागे डोंगर, डोंगराच्या पलीकडे खाण. दादा, म्हणजे तुझे यजमान, खाणीवर मशीन चालवायचे आणि माझे हे ट्रक. रोज दुपारी भाताची पेज निथळायच्या वेळेला भोंगा व्हायचा आणि मग थोड्या वेळाने सुरुंग उडायचे. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी भोंगा झाला आणि तू हातातला डाव टाकून भिंतीवरच्या लांब फळीचं एक टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलंस. फळीवर पितळेची भांडी, पेले, चिनी मातीच्या बरण्या, आणि तुझ्या टोकाला मिठातल्या तोरांचा, कोवळ्या कैऱ्यांचा, मोठा मातीचा बुयांव. मी नव्या साडीत तशीच उभी.

"बघतंस काय? त्या टोकाक धर," तू म्हणालीस.

मी धरलं. बाहेर सगळा वाडा चिडीचूप झाला. शेजारच्या शेवंताने पाळण्यातलं मूल उचललं आणि ती अंगणात जाऊन उभी राहिली. कुत्रं बाकड्याखाली शिरलं. मग पायाखालची जमीन हलली, फळीवरची भांडी किणकिणली, आणि त्यानंतर आवाज आला. तू फळी सोडलीस, पदराला हात पुसलास आणि पेज निथळायला घेतलीस. मी मात्र अजून माझं टोक धरूनच उभी होते.

चारचौघांत मी तुला 'तुमी' म्हणायचे. थोरली जाऊ, तसंच म्हणायला हवं. पण फळी धरली की मी तुला 'तू' म्हणायला लागले, आणि तू कधी टोकलं नाहीस. त्या वेळात स्वयंपाकघरात कुणी यायचं नाही. भोंगा आणि सुरुंग यांच्यामधला तो वेळ आपल्या दोघींचा होता. किती असायचा तो? मी कधी मोजला नाही. कधी त्यात एक वाक्य मावायचं, कधी अख्खं माहेर मावायचं. तुला मूल होणार नाही असं म्हापशाच्या डॉक्टरने सांगितलं, ते तू मला तिथेच सांगितलंस, फळीकडे बघत. सुहास पोटात आहे हे मी तुला तिथेच सांगितलं आणि मग मला काय करावं ते कळेना, कारण तुझे दोन्ही हात फळीला आणि माझेही. तू म्हणालीस, "बरां जाला. आता पाळण्यातसून उचलूक आपल्याकडेय कोणतरी येतला." नंतर तूच त्याला उचलायचीस. तो तुला 'व्हडली आई' म्हणायचा, आणि मला नुसती आई.

भांडण सुरू झालं ते माझ्या पायांमुळे. मी एकदा म्हटलं, "वयनी, आवाज येवच्या आधी माझ्या पायांक कसां कळता?"

"पायांक आदीच कळता. कानांक मागीर," तू म्हणालीस. "सुरुंग थंय उडून गेल्लो आसता. आपल्याकडे पावंक वेळ लागता. सगळांच तशां आसा."

"सगळां म्हणजे काय?"

"सगळां. होवचां तां होवन गेल्लां आसता. आपल्याक खबर मागीर येता."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. मी म्हटलं, भात शिजेपर्यंत भात नसतोच, तांदूळ असतो. आपण जाळ घालतो म्हणून तो शिजतो. उद्याचा दिवस आपण उद्या करतो, तो कुठे तयार होऊन पडलेला नसतो. तू माझ्याकडे बघितलंस, जशी भाजीवाल्याकडे बघायचीस.

"शिजल्लोच आसा गो. तुका झाकण काडूक वेळ लागता."

त्यावर तेवढ्यात जमीन हलली आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. तुझं हे नेहमीचंच. शेवटचं वाक्य तुझं आणि त्याच्यावर सुरुंग.

दादांचं घड्याळ आठवतं ना? पणजीहून मोठ्या हौसेने आणलेलं. सुरुंगाच्या हादऱ्याने ते कधी थांबायचं, कधी उगाच पुढे जायचं, म्हणून दादा ते रोज भोंग्यावर लावायचे. म्हणजे घड्याळ बघून भोंगा व्हायचा नाही, भोंगा ऐकून घड्याळाला कळायचं किती वाजले. खाण बंद झाली तेव्हा ते घड्याळ बिचारं मोकाट सुटलं. मी सारखी ते लावायला बघायचे आणि तू म्हणायचीस, "रवांदे. त्याका आता विचारता कोण?"

पण मी हसवायला बसलेले नाही. तुझं ते बोलणं मला घाबरवायचं. कारण तू ते नुसतं बोलायची नाहीस, तसं वागायचीस.

खाणीतून निघालेली टाकाऊ माती आपल्या मागच्या डोंगरावर टाकायला लागले. लोक तिला डंप म्हणायचे. वर्षामागून वर्षं डंप चढत गेला, डोंगराहून उंच झाला, आणि मग माती धरून ठेवायला त्याच्यावर अकेशियाची झाडं लावली. पावसात आपल्या अंगणातून लाल पाणी वाहायचं. खाणवाले म्हणाले, नदीपलीकडे जागा देतो, या वाड्यावरची घरं हलवा. दादांना घर सोडवेना, आमच्या ह्यांना ठरवता येईना. असं काही अडलं की आपल्याकडे देवाला प्रसाद लावतात. आपण सगळे पेडण्याला कुळदैवताकडे गेलो. म्हापशाला बस बदलताना तू उलटी केलीस आणि म्हणालीस, परत जाऊया. मला वाटलं, बस लागली.

भटाने देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर घर हलवायचं, डावी पडली तर राहायचं. तो मागे सरला, हात जोडले, गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं, आणि उजवी पाकळी पडली. अजून एक शब्द झाला नव्हता. भट म्हणाला, विचारायच्या आधी पडलेलं धरायचं नाही, आणि त्याने पाकळ्या नव्याने लावल्या. या वेळी नीट गाऱ्हाणं घातलं. आपण इतका वेळ बसलो की माझा पाय मुंग्यांनी भरला. मग डावी पडली. दादांनी साष्टांग नमस्कार घातला. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. तुझा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी फळी धरल्याबरोबर तू म्हणालीस, "उजवी पडल्ली."

"डावी पडली. मी बघितलंय."

"पयली उजवी."

"तेन्ना भटान इचारलाच नाय होता."

"इचारल्यार कळता तो देव कसलो?"

त्या दिवशी सुरुंग फार मोठा झाला. तुझ्या टोकाचा एक पेला पडला, आणि तू तो उचलायला वाकलीस तेव्हा मला दिसलं की तू रडते आहेस. दादांच्या समोर तू तो विषय कधी काढला नाहीस. ते म्हणाले राहायचं, तू राहिलीस. पण त्या दिवसापासून तू या घरात पाहुण्यासारखी वावरलीस. नवीन काही आणायचं म्हटलं की म्हणायचीस, कशाक?

आणि दादा वारले त्या दिवशीचं ताट. ते सकाळी पणजीला काही कामासाठी गेले होते, दुपारच्या जेवणाला येणार होते. सुरुंग होऊन गेला होता. तू ताटं मांडलीस, ह्यांचं, माझं, सुहासचं, तुझं. दादांचं नाही. मी म्हटलं, दादांचं राहिलं. तू ताट हातात घेतलंस, बराच वेळ धरून उभी राहिलीस आणि परत फळीवर ठेवलंस. मग शेवंताचा दीर धावत आला, पोस्टात फोन आला म्हणून. पुढे कितीतरी वर्षांनी मी धीर करून विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "माका काय खबर नाय होती. हात गेलो नाय." दादा गेले त्या रात्रीपासूनच मी तुझ्या हातांकडे लक्ष ठेवू लागले होते, वयनी. तू कुणाचं ताट मांडतेस, कुणाचं नाही. ह्यांच्या शेवटच्या आजारपणात तर मी ताटं मांडायचं काम तुझ्याकडून काढूनच घेतलं. तुला कारण कळलं होतं. तरी तू मला करू दिलंस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले आहेत.

मग खाणी बंद झाल्या. भोंगा थांबला, सुरुंग थांबला, ट्रक ताडपत्रीखाली गेले आणि त्यांच्यावर वेली चढल्या. लोकांना वाटतं, आवाज गेला की शांती येते. आपल्या वाड्यावर दिवसाचा कणाच निघून गेला. दुपार कधी झाली ते कळेना. कुणी केव्हाही जेवायचं, कुणी केव्हाही झोपायचं. कुत्री मात्र कितीतरी महिने त्या वेळेला बाकड्याखाली जाऊन बसत. आणि आपण दोघी फळीपाशी गेलो नाही, म्हणून आपलं बोलणंही थांबलं. एकाच घरात राहून, दोघीच उरलेल्या असून, आपण मीठ-मिरचीपलीकडे बोलत नव्हतो. मला वाटायचं, बोलायला सुरुवात कुठून करतात ते आपण विसरलो आहोत.

गेल्या चैत्रात तू पुन्हा फळी धरलीस. मी पेज निथळत होते. तू देवघरातून आलीस आणि आपल्या टोकाला जाऊन उभी राहिलीस.

"भोंगो जालो," तू म्हणालीस.

"खंयचो भोंगो? खाण बंद जावन किती वर्सां जाली."

"जालो. टोंक धर."

सुहासला सांगितलं तर तो म्हणाला, वयोमानाने होतं, डॉक्टरला दाखवूया. वाड्यावर सगळ्यांना कळलं. शेवंता तुझ्याकडे बघून हळूच मान हलवायची. मीही तेच धरून चालले. पण तू रोज एकटी उभी राहायचीस आणि ती फळी एकटीला धरवण्यासारखी नाही, म्हणून मी माझं टोक धरायला लागले. जमीन हलत नव्हती. भांडी वाजत नव्हती. आपण नुसत्याच उभ्या राहायचो आणि काही वेळाने तू फळी सोडायचीस. आणि बघ, आपण पुन्हा बोलायला लागलो. तुला वेड लागलं असेल तर त्या वेडाने मला माझी जाऊ परत दिली, असं मला वाटायचं. मी खूश होते.

मग एक दिवस तू म्हणालीस, "तू सुहासाकडे म्हापश्याक जा. पावसाआधी जा."

"आणि तू?"

"माजां हंयच आसा."

मला राग आला. आणि मला तुझी चूकही सापडली होती, इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, "सगळां होवन गेल्लां आसा म्हणतंस मगे? मग मी थंय गेलंय काय, हंय रवलंय काय, फरक काय पडतलो?"

तू तोरांचा बुयांव फळीच्या कडेपासून थोडा आत सरकवलास. मी वाट बघत राहिले. पहिल्यांदाच शेवटचं वाक्य माझं झालं होतं आणि त्याच्यावर सुरुंग झाला नव्हता. दोन दिवस मी त्या आनंदात होते.

मी गेले नाही. आषाढात तू पडलीस. हॉस्पिटलात तुझे डोळे मिटलेले, पण दुपार झाली की तुझा हात चाचपत पलंगाचा लोखंडी दांडा पकडायचा. मी उठून पायथ्याचा दांडा धरायचे. नर्स म्हणाली, "बाय, खाट हालची ना, ब्रेक घातला." मी तिला म्हटलं, असू दे. तुझा हात सुटला तेव्हा मी माझं टोक धरूनच होते. मग सुहासने माझी बोटं सोडवली.

तुझं बारावं परवा झालं. सुहास म्हणाला, चल माझ्याबरोबर. मी म्हटलं, भांडी आवरते, रविवारी ये. पाऊस कितीतरी दिवस थांबलेला नाही. विहिरीचं पाणी लाल झालं आहे, उंबऱ्याच्या दगडाला भेग गेली आहे, आणि मी सगळ्याला काही ना काही कारण लावत होते. तुझ्याशी भांडून भांडून कारणं लावण्यात मी तरबेज झाले आहे.

आज दुपारी मी पेज निथळत होते. माझ्या पायांना कळलं. फळीवरची भांडी किणकिणली. मी पातेलं टाकलं आणि धावत जाऊन माझं टोक धरलं, आणि कान लावून भोंग्याची वाट बघत उभी राहिले. किती मूर्ख मी. तुझं टोक धरायला कुणी नव्हतं. ते खाली गेलं, पेले गेले, बुयांव फुटला, मिठाचं पाणी माझ्या पायांवरून वाहिलं आणि तोरं दारापर्यंत घरंगळत गेली. खिडकीतून मागे बघितलं. डंपावरची अकेशिया, जी सरळ उभी असायची, ती सगळीच्या सगळी एका बाजूला कलली होती. आपल्या घराच्या बाजूला.

मी शेवंताकडे गेले. ती पण चुलीपाशीच. म्हटलं, "शेवंता, भुंय हाल्ली. भायर सर."

"भोंगो खंय जालो?" ती म्हणाली.

"जावक ना."

"मगे?" म्हणाली आणि भाताकडे वळली.

तेव्हा मला कळलं, वयनी. आधी भोंगा, मग जमीन, हे आपल्या वाड्याच्या अंगात इतकं मुरलं आहे की भोंग्याशिवाय जमीन हलू शकते हे कुणाला खरंच वाटत नाही. कारणं देत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि तुझ्या आवाजात म्हटलं, "शेवंता, भोंगो जालो."

तिने माझ्याकडे बघितलं, जशी ती तुझ्याकडे बघायची. पण तिचे हात आपोआप पाळण्याकडे गेले. तिने नातवाला उचललं आणि अंगणात आली, आणि मग मी तिला अंगणात थांबू दिलं नाही. तसंच घरोघर गेले, पावसात, डोकं उघडं टाकून, दारादारात तेच सांगत. काही हसले. म्हातारी माणसं मात्र काही न विचारता उठली. आता जवळजवळ सगळे डंपापासून लांब, इथे शाळेत आहेत. मास्तरांनी फोन केले आहेत, सरकारची माणसं निघाली आहेत म्हणतात. सुहास वाटेत आहे. शेवंताचा दीर तेवढा आला नाही, पाऊस ओसरल्यावर बघू म्हणाला. दोघे पोरगे त्याला उचलून आणायला गेले आहेत.

एक गोष्ट मला आज दारोदार फिरताना सुचली. सगळं होऊन गेलेलंच असतं असं जिला खरंच वाटतं, ती कुणाला 'जा' म्हणत नाही. तू मला जा म्हणालीस. जन्मभर हट्टाने धरून ठेवलेलं तू माझ्यासाठी सोडलंस, आणि मी त्याला माझी जीत समजले. आणि आज मी तुझा भोंगा घरोघर नेला. आपल्यापैकी कोण बरोबर होतं ते आता कुणाला विचारू?

पायांना कळलं आहे, वयनी. कानांवर अजून काही आलेलं नाही. सगळे डंपाकडे तोंड करून गप्प बसले आहेत. शेवंताच्या मांडीवर नातू झोपला आहे. या मधल्या वेळात मी तुझ्याशी बोलते आहे, आपण नेहमी बोलायचो तशी.